हद्द कोणाची?

15 ऑगस्टच्या चर्चमधल्या उपासनेत राष्ट्राच्या पापांचा अंगीकार, म्हणजे देवापुढे जाहीर कबुली, घ्यायचा असं मंडळीच्या कमिटीने ठरवलं आणि मसुदा आमच्या पुणे कॅम्पातल्या प्रौढ शास्त्रवर्गाकडे, म्हणजे बायबल अभ्यासाच्या गटाकडे, आला. कच्चं टिपण नेहमीच्या वळणाचं: भ्रष्टाचार, दारू, मोबाइल, बिघडलेली तरुण पिढी. म्हणजे सगळी पापं दुसऱ्यांची. खाली बायबलमधलं 2 इतिहास 7:14 चिकटवलेलं: माझे लोक नम्र होऊन प्रार्थना करतील, तर मी त्यांचा देश बरा करीन. मंदिराच्या समर्पणानंतर शलमोनाला दिलेलं ते वचन कराराच्या प्रजेबद्दल, म्हणजे इस्राएलबद्दल, आहे. कुठल्याही देशाने आपलं नाव घालून वटवावा असा तो चेक नव्हे.

राष्ट्रांचा न्याय होतोच, पण कशावरून, ते आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्या दोन अध्यायांत पाहावं. गिलादच्या गरोदर बायका चिरल्या म्हणून अम्मोन दोषी, अदोमाच्या राजाची हाडं जाळून चुना केला म्हणून मवाब दोषी. देवाचं नियमशास्त्र झिडकारल्याचा ठपका मात्र यहूदावर. ज्यांना ते मिळालंच नव्हतं त्यांना क्रौर्याचा जाब विचारलाय. एवढं ध्यानात आलं की टिपणातली निम्मी यादी गळते.

तरुणांनी यहेज्केल 18 काढला: बापाचं पाप मुलाच्या माथी नाही, मग आम्ही का कबूल करायचं? म्हणून अनुवाद 21 उघडला. शेतात प्रेत सापडलं, मारेकरी माहीत नाही. वडील (गावचे ज्येष्ठ पुढारी) आणि न्यायाधीश आसपासच्या गावांपर्यंतचं अंतर मोजतात. सर्वांत जवळच्या गावाच्या वडिलांनी जुवाला न जुंपलेली कालवड घ्यायची, वाहत्या पाण्याच्या, कधी न नांगरलेल्या खोऱ्यात तिची मान मोडायची, तिच्यावर हात धुऊन ‘आमच्या हातांनी हे रक्त पाडलं नाही’ म्हणायचं आणि क्षमा मागायची. खून त्यांनी केला नाही, तरी प्रकरण त्यांच्याच गावाचं.

वर्गातले निवृत्त फौजदार काका सरसावून बसले. “सर, आमच्याकडे उलटं चालायचं. बेवारस प्रेत हद्दीवर असलं की दोन्ही ठाण्यांचे लोक टेप लावायचे, पण ते पलीकडच्यांच्या गळ्यात घालायला. इथं मोजून आपल्याकडे घेतायत!”

त्या दिवशी मला सुचलं नसतं इतकं नेमकं भाष्य ते होतं.

तिथून रोमकरांस पत्र 13 वर आलो. अधिकारी तलवार व्यर्थ बाळगत नाही, हा भाग सगळ्यांना पाठ. गफलत पुढे होते. 1523 मध्ये ऐहिक सत्तेवर लिहिताना जर्मन धर्मसुधारक लूथरने तिला दुष्टाला आवरायचं काम दिलं, आत्म्यावर हुकूम चालवायचं नाही. हिटलरच्या काळात जर्मन चर्चमधल्या विरोधकांनी काढलेल्या 1934 च्या बार्मेन घोषणेने शासनाला न्याय आणि शांतता राखायचं काम दिलं, पण माणसाच्या साऱ्या जीवनाचा ताबा नाकारला. रोमकर 13 शेजारी प्रकटीकरण 13 (सत्ता श्वापद होते तो अध्याय) आणि प्रेषितांची कृत्ये 5:29 (माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानावी) वाचली नाहीत, तर दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या समर्थकांनी केलं तसं हेच वचन जुलमाची ढाल होतं.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर अस्पृश्यता. संविधानाचं कलम 17, 1955 चा कायदा, 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा. पाणवठ्यावर अडवणाऱ्याचा हात पोलीस धरू शकतात. सोयरीक जुळवताना ‘मूळचे कुठले?’ हा प्रश्न विचारणाऱ्या ख्रिस्ती घरात कुठला कायदा शिरणार? खोली थोडी अस्वस्थ झाली. दोघा-तिघांच्या घरी स्थळं बघणं चालू होतं.

मसुदा त्यावर बेतला. दानीएल 9 मध्ये दानीएल ‘आम्ही पाप केलं’ म्हणतो, नहेम्या तर स्वतःसकट बापाचं घराणं गोवतो. तोच ‘आम्ही’ हा कर्ता धरला. पापं तीनच: सोयरिकीतली जात, मोलकरणीचा बुडवलेला पगार, दंगलीच्या काळातलं आमचं मौन. न्यायाधीश-पोलिसांसाठी विनंती वेगळी, अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा असं सांगणाऱ्या 1 तीमथ्य 2 प्रमाणे. वाचायला चार मिनिटं. त्याहून लांबलं की लोक घड्याळ बघतात.

अनुवादात वडील स्वतः बोलतात, म्हणून अंगीकार पाळकांनी न वाचता कमिटीने वाचायचा असं आम्ही सुचवलं. सेक्रेटरींनी विचारलं, “सोयरिकीचं वाक्यसुद्धा?” फौजदार काका म्हणाले, “ते तर आधी. ते आपल्याच हद्दीत येतं.”