हातेरुमाचा गूळ

आई-बाबा दोन महिन्यांसाठी टोकियोला येणार म्हटल्यावर मी क्योतो, हिरोशिमा, फुजी अशी सरळसोट यादी करून ठेवली होती. बाबांनी ती फोनवरच निकालात काढली. "देवळं आणि डोंगर आम्ही रोजच बघतो. तुमच्याकडे समुद्र आहे की नाही?"

आहे. निशिकासाईतल्या माझ्या घरापासून सायकलने जाण्याइतका जवळ आहे. पण गुहागरच्या माणसाला टोकियोचा उपसागर दाखवून "हा बघा समुद्र" म्हणायची माझी हिंमत नाही. मग नकाशा उघडला आणि बोट नैर्ऋत्येकडे सरकवत नेलं. क्युशू संपलं, ओकिनावा आलं, तेही मागे पडलं आणि शेवटी याएयामा बेटांवर थांबले. त्यातलं मुख्य बेट इशिगाकी. टोकियोपासून साधारण 1,950 किलोमीटर, तैवानपासून मात्र 270 च्या आसपास. ओकिनावाची राजधानी नाहा, तिथून इशिगाकीला जाणारी प्रवासी बोट बंद होऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे विमानाला पर्याय नाही.

आईने उलटतपासणी घेतली. "गरम असतं?" हो. "दमट?" हो. "खाडी, होड्या, केवडा?" सगळं आहे. "अगं, मग आम्ही घरीच बसलो असतो की!"

गंमत म्हणजे जपानी लोकांना हा अगदी दक्षिणेचा मुलूख वाटतो, पण इशिगाकी आहे 24 अंश उत्तरेला, जवळजवळ उदयपूरच्या ओळीत. मुंबई त्याच्या कितीतरी खाली. हिवाळ्यापासून जूनपर्यंत क्षितिजाला टेकलेला त्रिशंकू तारकासमूह बघायला जपानी लोक विमानाचं तिकीट काढून इथे येतात. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "आपल्याकडे तो मागच्या पडवीतून दिसतो."

खरं डोकं खाल्लं ते तारखांनी. एप्रिलअखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत गोल्डन वीक, म्हणजे ओळीने आलेल्या सुट्ट्या, तेव्हा दर आकाशाला भिडतात. मे मध्यापासून जूनच्या विशीपर्यंत पाऊस. जुलै ते ऑक्टोबर वादळं, त्यात शाळांच्या सुट्ट्या आणि ऑगस्टमधला ओबोन, म्हणजे पितरांचा सण. वादळ दोन-तीन दिवस बेटावरच अडकवून ठेवतं, आणि आई-बाबांचं परतीचं विमान काही थांबणार नव्हतं. या सगळ्याच्या मधे एक फट राहते. पाऊस संपल्यापासून शाळांना सुट्टी लागेपर्यंतचे तीन-चार आठवडे. तेव्हा दक्षिणेचा वारा वाहतो, त्याला तिथले लोक 'काचीबाई' म्हणतात. नाव ऐकून आई दिवसभर हसत होती.

त्याच फटीत इरिओमोते बेटावर सागारिबाना फुलतं. रात्री उमलायचं आणि उजाडता उजाडता नदीत गळून पडायचं. हे वाचलं आणि तारीख ठरली, जूनचा शेवटचा आठवडा. पाच रात्री. दोन इशिगाकी, दोन इरिओमोते, पुन्हा एक इशिगाकी. शेवटची रात्र मुद्दाम इशिगाकीला, म्हणजे बोट चुकली तरी विमान चुकणार नाही. या बेटांवर जाणाऱ्या कुणालाही माझा हा एकच सल्ला असेल. बाकीचं ज्याचं त्याने बघावं.

कारण तिथल्या बोटी. ज्या देशात गाडी मिनिटभर उशिरा आली तर माफी मागतात, त्याच देशात इशिगाकीच्या धक्क्यावर रोज सकाळी प्रत्येक बेटापुढे गोल, त्रिकोण किंवा फुली लावतात. गोल म्हणजे सुटणार, त्रिकोण म्हणजे बघू, फुली म्हणजे 'केक्को', रद्द. आमच्या दुसऱ्या दिवशी हातेरुमापुढे फुली होती. जपानचं सगळ्यात दक्षिणेचं वस्तीचं बेट, त्याची तिकिटं मी आधीच काढून ठेवली होती. पैसे लगेच परत मिळाले, पण माझं तोंड उतरलं. वर तर कडकडीत ऊन पडलेलं. बाबांनी बाहेर जाऊन पाण्याकडे बघितलं आणि परत येऊन म्हणाले, "बरोबर आहे. ऊन असलं म्हणून काय झालं, वारा बघ कुठला आहे तो." इशिगाकी आणि इरिओमोते यांच्या मधला समुद्र प्रवाळाच्या कठड्याआड आहे, म्हणून तिथे बोटी सहसा चालतात. हातेरुमा त्या कठड्याबाहेर, उघड्या समुद्रात, आणि काचीबाई नेमकी समोरून.

मग ताकेतोमी. पंधरा मिनिटांची बोट आणि नऊ किलोमीटर घेराचं बेट. लाल कौलं, प्रवाळाच्या दगडांचे गडगे, पांढऱ्या वाळूचे रस्ते, ते रोज झाडून काढणारी माणसं. घरांभोवती वारा अडवायला फुकुगीची दाट झाडं लावलेली आहेत. आईने एक पान उलटसुलट करून बघितलं आणि "हे आपल्यातलंच काहीतरी आहे" असं जाहीर केलं. मी फोनवर शोधलं तर गार्सिनिया, म्हणजे कोकमाचं सख्खं भावंड. त्यानंतर तिला आवरणं कठीण झालं. किनाऱ्यावर केवड्याचं बन दिसलं, त्याला तिथे 'आदान' म्हणतात. दुपारी चहाबरोबर हळदीच्या भावकीतल्या गेत्तोच्या पानात गुंडाळून उकडलेली मोची, म्हणजे तांदळाचा चिकट गोळा, मिळाली. "पातोळ्याच की!" वास तसा नव्हता, थोडा वेलदोड्याकडे झुकणारा होता, पण मी वाद घातला नाही.

बाबांचं तीर्थक्षेत्र मात्र इशिगाकी गावातच निघालं. धक्क्याजवळच्या चौकात '730' लिहिलेला दगड आहे. युद्धानंतर ओकिनावा अमेरिकेच्या ताब्यात होतं, तेव्हा गाड्या उजवीकडून धावायच्या. 1972 साली प्रदेश जपानला परत मिळाला, पण रस्ता तसाच राहिला. शेवटी 30 जुलै 1978 ला एका रात्रीत सगळी वाहतूक डावीकडे आणली. बाबांनी तीस वर्षं एस.टी. चालवली. त्यांचा पहिला प्रश्न, "मग बसच्या दरवाज्यांचं काय केलं?" नेमका तोच तर मुद्दा होता. दरवाजे भलत्या बाजूला आल्यामुळे नव्या बस आणाव्या लागल्या. बाबा त्या दगडापाशी कितीतरी वेळ उभे राहून चौकातल्या गाड्या बघत होते. काबिरा उपसागराला, जिथे काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ दाखवतात, त्याच्या निम्माही वेळ त्यांनी दिला नाही. तसा काबिराही सुंदर आहे. पण पाण्याला ओढ असल्यामुळे तिथे पोहता येत नाही, आणि फोटो तुम्ही आधी बघितलेलेच असतात.

इरिओमोतेवर गाडी मी चालवली. (भारतीय लायसन्स जपानी करून घेताना प्रत्यक्ष चाचणीत मी दोनदा नापास झाले होते. हे बाबांना तिथे, गाडीत बसल्यावर कळलं. तेव्हापासून त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता.) या बेटाचा नव्वद टक्के भाग जंगल आहे. 2021 साली त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. रस्ता बेटाला पुरता वळसाही घालत नाही, अर्ध्यात संपतो. वेग ताशी चाळीस, कारण इथे यामानेको, म्हणजे रानमांजर आहे. जगात फक्त याच बेटावर, उरलेत शंभरेक, आणि त्यांना सगळ्यात मोठी भीती गाड्यांची. रस्त्याखालून त्यांच्यासाठी बोगदे काढलेत. आम्हाला ते मांजर दिसलं नाही. दिसेल असं मी कुणाला सांगितलंही नव्हतं.

दक्षिणेला, जिथे रस्ता संपतो तिथल्या हाएमिदाच्या किनाऱ्यावर गेलो तेव्हा समोर, क्षितिजावर, सपाट पाटासारखं हातेरुमा दिसलं. त्याच किनाऱ्यावर खडकात कोरलेली काही अक्षरं आहेत. 1945 मध्ये जपानी सैन्याने हातेरुमाच्या लोकांना घरं सोडून इथे यायला भाग पाडलं. इथे हिवताप होता, हे माहीत असूनही. बेटाची जवळजवळ एक तृतीयांश माणसं त्यात गेली, आणि सगळ्या याएयामात मिळून 3,600 हून अधिक. इथून निघताना शाळेच्या मुख्याध्यापकांनी ती अक्षरं कोरली. 'विसरू नका' असा त्यांचा अर्थ. मी वाचून अर्थ सांगितला. आईने विचारलं, "आणि इथून त्यांना रोज घर दिसायचं?" मी हो म्हटलं. परतीच्या वाटेवर गाडीत कुणी फारसं बोललं नाही.

आमचा मुक्काम घरगुती होता. चालवणाऱ्या आजींना सगळे 'ओबा' म्हणत. जेवणाची धास्ती मला टोकियोपासून होती. आई सोमवारी मासे-मटण खात नाही, आणि जपानमध्ये भाजीतही कात्सुओबुशी असतं. कुप्याच्या जातीचा मासा लाकडासारखा कडक सुकवून त्याचा कीस काढतात, तो. मी आधीच पत्र लिहून सगळं कळवलं होतं. सोमवारी रात्री ओबांनी कारलं केलं. तिथे कारल्याला 'गोया' म्हणतात आणि ते रोजच्या जेवणातलं. दोडक्यासारखी घोसाळीही खातात. आई स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. ओबांनी कारल्याच्या फोडींना मीठ चोळून पिळून दाखवलं. आईने मान डोलावली. ओबांनी टोफू घातला, अंडं घातलं. आईने हाताने खूण केली, थांबा, आणि टेबलावरच्या वाटीतला चहाबरोबर खायचा काळ्या साखरेचा खडा उचलून माझ्याकडे बघितलं. "विचार त्यांना, घालू का?"

ती साखर म्हणजे उसाच्या रसाचा गूळच, फक्त काळा आणि किंचित खारट. ओबांनी जरा विचार केला आणि कढई पुढे सरकवली. खाल्ल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "गोड आहे." ते कौतुक होतं की तक्रार, हे जपानमध्ये सात वर्षं राहूनही मला सांगता येणार नाही. गूळ कुठला, विचारलं तर म्हणाल्या, हातेरुमाचा.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला निघालो. टोकियोत त्या वेळी उजाडलेलं असतं, इथे काळोख. घड्याळ एकच, पण सूर्य इथे दीड तास उशिरा येतो. होडीत आई गाइडबरोबर पुढे, मी आणि बाबा मागे. आईला पोहता येत नाही, लाइफ जॅकेट तिने तीनदा तपासून घेतलं. खारफुटीतून आत गेलो तसा मंद गोड वास आला. मग पाण्यावर पांढरं-गुलाबी काहीतरी दिसायला लागलं. गोंड्यासारखी फुलं, नुसते केसर, प्रवाहाबरोबर आमच्या दिशेने येत होती. वरून एखादं पडलं की पाण्यावर 'टप्' असा आवाज यायचा. हे आपल्याकडचं समुद्रफळ. खाडीकाठी आपल्याकडेही असतं, पण पहाटे होडी काढून ते बघायला कोण जातं?

"प्राजक्ताचीच रीत आहे," आई म्हणाली आणि पाण्यात हात घालून एक फूल ओंजळीत घेतलं, थोडा वेळ धरलं आणि परत सोडून दिलं.

निघायच्या दिवशी सकाळी विमानाला वेळ होता, म्हणून धक्क्यावरच्या दुकानात ओबांच्या वाटीतला तसाच गूळ घ्यायला गेलो. बाबा फलकापाशी थांबले होते. वारा पडला होता. हातेरुमापुढे गोल.

"किती वाजताची आहे?" त्यांनी विचारलं. मी घड्याळ बघितलं. आईने गुळाची दोन पाकिटं घेतली होती, ती परत दुकानात गेली आणि आणखी तीन घेऊन आली.