मनगटाएवढी वेणी कापायची कुणी?

आमच्या घरात माझ्यापेक्षा माझ्या केसांचंच कौतुक जास्त. आजी वेणी हातात धरून शेजारणींना दाखवायची, "बघा, मनगटाएवढी हाय!" या कौतुक करणाऱ्यांपैकी एकीलाही ते पावसाळ्यात वाळवावे लागले नाहीत. रविवारी सकाळी न्हायलं तरी संध्याकाळी मानेजवळ ओल असतेच. त्यात रोज स्कूटीवरून कॉलेजला जायचं, आणि हेल्मेटात अंबाडा काही मावत नाही. दोन वर्षांपूर्वी ठरवलं, आता खांद्यापर्यंत कापून टाकायचे. कोल्हापुरात गल्लोगल्ली पार्लर आहेत, त्यात अवघड काय?

पहिलं पार्लर राजारामपुरीतलं, एसी, दारात काचेचा दरवाजा. तिथल्या मुलीने केसांत हात घातला आणि दुसरीला हाक मारली, "अगं, इकडं ये, बघ तर." मग दोघींनी मिळून सांगितलं, "मॅडम, आधी स्मूदनिंग करून घ्या, मग कटिंग बसतंय." म्हणजे औषध लावून केस सरळ, मऊ करायचे. त्याचा खर्च ऐकून मी नुसती कटिंगच करा म्हटलं. तिने केस पाण्याने चिंब केले आणि खालून सरळ रेघ मारावी तसे कापले. ओले होते तोवर झकास दिसत होते. ओला केस ताणला जातो, वाळला की आखडतो आणि फुगतो. घरी जाईपर्यंत माझ्या डोक्याचा त्रिकोण झाला होता. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये एकीने विचारलं, "हेल्मेट काढायचं राहिलं का गं?"

दुसऱ्या ठिकाणी उपाय तयारच होता: दातेरी कात्री. थिनिंग करतो म्हणाले, म्हणजे मधले मधले केस कापून दाटपणा कमी करायचा. अर्धा तास कानाशी कचकच कचकच. फरशी काळी झाली, डोकं हलकं झालं, मी खुशीत जास्तीचे पैसेही दिले. तीन आठवडे खरंच बरे गेले. मग डोक्यावर सगळीकडून बारीक केस उभे राहायला लागले. कापलेल्या केसांचे खुंट आता वरच्या लांब केसांना आतून ढकलत होते. म्हणजे केस कमी झाले आणि पसारा वाढला.

मी फिजिक्स शिकवते. माझी मलाच लाज वाटली, कारण हे गणित मी दरवर्षी फळ्यावर मांडते. एका टोकाला घट्ट रोवलेली पट्टी निम्म्या लांबीची केली की ती तेवढीच वाकवायला आठपट जोर लागतो. आणि गोल तारेची जाडी दुप्पट झाली तर ताठपणा सोळापट. जाड केस आखूड कापून टाळूवर ठेवला तर तो उभाच राहणार, आणखी काय करणार? पातळ, मऊ केसांत हे खुंट लपतात. चिनी-जपानी लोकांचे केस जाड आणि जवळजवळ गोल असतात, त्यांच्यात लपत नाहीत. आणि माझ्यातही नाहीत.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. ते खुंट हनुवटीपर्यंत यायला दीड-दोन वर्षं. मध्ये धीर सुटून तिसऱ्या ठिकाणी गेले. तिथे ब्लेडने कापले आणि टोकं नारळाच्या काथ्यासारखी झाली. त्याबद्दल याहून जास्त लिहावंसं वाटत नाही.

मग मी पार्लर शोधायचं सोडलं. आणि जे सापडलं ते अंबाबाईच्या रांगेत.

नवरात्रातली गोष्ट. बायकांच्या रांगेत दोन तास उभं राहिलं की समोर दिसतं काय? पाठमोरी डोकी. मोबाइलवरचे फोटो सगळे पुढून, हसऱ्या चेहऱ्याचे आणि ताज्या ब्लो ड्रायचे. रांगेतली डोकी मात्र घामेजलेली, बसमधून उतरून आलेली, खरी. माझ्या पुढे चार जणी सोडून एक बाई होती. केस माझ्याइतकेच दाट, मानेच्या खाली चार बोटं, आणि ते खाली शांत पडलेले! तिने मान वळवली की सगळे एकदम वळायचे आणि पुन्हा जागेवर यायचे. मी देवीआधी तिचंच दर्शन घेत होते म्हणायला हरकत नाही. गरुड मंडपाजवळ धीर करून विचारलं, "ताई, राग मानू नका, केस कुठं कापता?" ती हसली. "रागवायचं काय त्यात? शिवाजी पेठेत."

बोळात, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर, दोन खुर्च्यांचं पार्लर. फोनवरच अट आली होती: तेल लावून यायचं नाही, वेणी घालून यायचं नाही, रोज सोडता तसे सुटे केस घेऊन या. त्या ताईंनी कात्रीला हात लावायच्या आधी एक केस चिमटीत धरून बोटांवर फिरवला. मग म्हणाल्या, "दाट म्हंजे लई केस. जाड म्हंजे एकेक केस मोठा. लोक दोन्हीला एकच समजत्यात. तुमचं दाट बी हाईत आन् जाड बी." आणि मग मागचे खुंट बघून, "दातरं मारलंय व्हय कुणीतरी?"

केसांचे भाग पाडता पाडता त्यांचे चिमटे संपले. शेजारच्या खुर्चीवरचे आणले, तेही संपले, तेव्हा शेवटची बट त्यांनी स्वतःच्या कोपरात अडकवून ठेवली. कोरड्या केसांवर कापलं. बट उचलायच्या, सोडून द्यायच्या, कुठे पडतेय ते बघायच्या, मगच कात्री. कात्री आडवी नाही, उभी धरून टोकाकडून आत, तीही शेवटच्या चार बोटांतच. मुळाजवळ काही नाही. आतल्या थरातला भार काढला, वरचा थर त्याच्यावर झाकण म्हणून तसाच ठेवला. मी मोबाइलवरचा कोरियन बॉब, म्हणजे हनुवटीपर्यंतचा आखूड कट, दाखवला तर म्हणाल्या, "त्यांचा केस जाड खरा, पर सरळ हाय. तुमच्यात लाट हाय. एवढं आखूड केलं तर वर चढंल." नाही म्हणणारी पहिली बाई भेटली! सव्वा तास लागला, चारशे रुपये. खुंटांना हात लावला नाही. "ते वाढू द्या. तीन महिन्यांनी या, तवा मिळवू."

आत्तापर्यंत तीनदा जाऊन आले. अजून मागे उजव्या बाजूला एक जागा उसळते. ती बसायला वेळ लागेल असं त्यांनी आधीच सांगितलंय. पण रबर दोन वेढ्यांतच अडायचं ते आता तिसरा घेतं, आणि हेल्मेट बसतं.

पहिल्यांदा तिथून घरी आले तेव्हा आईने चष्मा वर करून बघितलं, मागून फिरून बघितलं आणि म्हणाली, "कापलं कुठं? चारशे रुपये देऊन नुसतं फिरून आलीस व्हय?"