लांडगा मोठा की शंकर?

ऊस तुटून गेला की पंचगंगेकाठच्या आमच्या रानात मेंढरं बसवतो. खताचं खत होतं, शिवाय रात्री मामांशी गप्पा होतात. मामा माणदेशातले धनगर, कळप घेऊन इकडं नदीकाठाला उतरतात. त्यांचा विषय लांडगा. माझा विषय शंकर. ओढ्याकडेच्या चिखलात, पाणकणसाच्या बुडाशी शेपटी उभारून तुरुतुरु पळणारा, चिमणीपेक्षाही हलका पक्षी.

यंदा मामांनी थेटच विचारलं, "अण्णा, त्या पाखरात तुमाला एवढं काय दिसतंय? लांडग्याम्होरं त्याची काय बिशाद?"

वजनात तर काहीच नाही. आपल्या माळावरचा लांडगा २० किलोच्या आसपास, शंकर १८ ग्रॅमचा. पारड्यात हजारभर शंकर घातले तर कुठं एक लांडगा उचलेल. पण हा एवढासा जीव उन्हाळ्यात पार सायबेरियाकडं जाऊन अंडी घालतो आणि थंडीला आमच्या ओढ्यावर हजर! नराचा गळा निळाशार, मधोमध तांबूस ठिपका. तिकडं विणीच्या दिवसांत तो दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करत गातो. आमच्या वाट्याला नुसतं 'चक चक'. (पाहुणा जेवतो इथं, गातो सासुरवाडीला.)

आणि तिकडं लांडगेही आहेत, आपल्या लांडग्याच्या दुप्पट वजनाचे, दाट केसांचे. म्हणजे शंकरच्या शेजाराला मामांच्यापेक्षा मोठे लांडगे! हे ऐकून मामा म्हणाले, "मग इचारा की त्याला, तिकडं मेंढरं कोण राखतंय."

मामांचा लांडगा मात्र अस्सल दख्खनचा. कर्नल साइक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं १८३१ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं ते इथल्याच लांडग्यावरून. मामांना साइक्सशी देणंघेणं नाही. ते सांगतात, जोडी येते, एक कुत्र्यांना लांब पळवत नेतो, तोवर दुसरा कोकरू उचलतो. भरपाई मिळते, पण पंचनाम्याला माणूस येईतो कळप दोन गावं पुढं गेलेला. तरी लांडग्याला मारा असं मामा म्हणत नाहीत. "त्येचाबी वाटा असतोय."

मला खरी चीड येते ती आपल्या नजरेची. लांडग्याचा माळ आपल्याला पडीक दिसतो, शंकरची दलदल घाण. दोन्हीकडं प्लॉट पडतात. लांडगा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, पण माळ कुठल्या अनुसूचीत?

ओढ्याकडेचं पाणकणीस एप्रिलपर्यंत पेटवू नका, असं शेजारच्या बांधाला सांगून आलोय. "एका पाखरापायी?" म्हणून हसला. लांडगा आहे म्हणालो असतो, तर निदान भिऊन तरी ऐकलं असतं गड्यानं.