सोलापुरात गारा!

दुपारभर नुसती लाही लाही. एप्रिलातलं सोलापूर, पारा चाळिशीपार. पाचच्या सुमाराला आभाळ काळंनिळं झालं, वावटळ उठली आणि पत्र्यावर ताडताड सुरू झालं. गारा!

वाळत घातलेले कपडे तसेच सोडून मी परात घेऊन अंगणात पळाले. आज्जी उंबऱ्यातून ओरडतेय, "अगं, डोक्यावर काहीतरी घे!" मग आम्ही चौघींनी सोलापुरी चादर चार कोपऱ्यांना धरली. बोराएवढ्या पांढऱ्याशुभ्र गारा, लेकरांनी तिथंच कुडूमकुडूम खाल्ल्या. एक मी विळीवर कापली, तर आत कांद्यासारखे पापुद्रे! ढगात वर चढणारा वारा थेंबाला गोठवणाऱ्या थंडीत नेतो, तिथं त्याच्यावर बर्फाचे थर चढत जातात.

मधेच पोटात धस्स झालं. मामांचा बेदाणा कासेगावला शेडवर वाळतोय. २०१४ च्या गारपिटीत त्यांची द्राक्षबाग झोपली होती. फोन लावला. "इकडं नुसतं आभाळ आलंय गं, थेंबसुद्धा नाही." तेव्हा कुठं मी परत परात उचलली.

आज्जीनं तांब्यात मूठभर गारा टाकून ठेवल्या होत्या. त्या पाण्याचा गारवा अजून दातांत आहे.