खाऱ्या वाऱ्यातला रीड स्विच

गुहागरला आमचं घर आगरात, समुद्र हाकेच्या अंतरावर. इथे उघड्या काँटॅक्टचा कुठलाही स्विच पावसाळा संपेपर्यंत हिरवा पडतो, पंपाचा फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगत पातळीप्रमाणे चालू-बंद होणारा) तर हमखास. म्हणून या वेळी गच्चीवरच्या टाकीला रीड स्विचवाले फ्लोट बसवायचं ठरवलं. रीड स्विच म्हणजे निकेल-लोखंडाच्या दोन बारीक पट्ट्या काचेच्या नळीत सीलबंद. फ्लोटमधलं चुंबक जवळ आलं की पट्ट्या एकमेकींना चिकटतात. १९३६ साली बेल लॅब्जमध्ये निघालेली ही युक्ती, आणि खाऱ्या हवेला आत शिरायला वाटच नाही. हॉल सेन्सरही (चुंबक ओळखणारा इलेक्ट्रॉनिक सेन्सर) पाहिला होता, पण त्याला सतत सप्लाय लागतो.

वायरमनने फ्लोट हातात घेतला नि हसला. "काका, एवढ्याशा काचेवर पंप चालवणार?"

पंप नाहीच चालवायचा. असे छोटे रीड साधारण १० वॅटच झेलतात. अर्ध्या एचपीच्या पंपाचा सुरुवातीचा झटका बसला तर पट्ट्या जागच्या जागी वेल्ड होतील. म्हणून रीडवर फक्त १२ व्होल्टची रिले (थोड्या प्रवाहाने कॉइलचं चुंबक होऊन चालणारा स्विच) घेतली. तिच्या कॉइलला उलटा डायोड (१एन४००७; प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा) लावला, नाहीतर कॉइल बंद होताना उडणारी ठिणगी काँटॅक्ट खाते. रिले काँटॅक्टरला, म्हणजे पंपाचा भार झेलणाऱ्या मोठ्या रिलेला, चालवते आणि काँटॅक्टर पंपाला.

खरी मजा दोन फ्लोटांची. खालचा पाणी उतरलं की जोडतो, वरचा टाकी भरली की तोडतो. खालच्याला समांतर रिलेचाच एक काँटॅक्ट दिला, त्यामुळे एकदा सुरू झालेला पंप वरचा फ्लोट तोडेपर्यंत चालतो. पाणी पडताना फ्लोट कितीही डुलला तरी पंप चालू-बंद करत बसत नाही. मध्येच लाईट गेली तर रिले सुटते, आणि लाईट आल्यावर खालचा फ्लोट सांगेपर्यंत पंप गप्प राहतो. आमच्याकडच्या लपंडावात हे फार सोयीचं. एवढ्यासाठी कुठलाही प्रोग्राम लिहावा लागत नाही, याचं मला जास्त कौतुक.

जोडणीआधी मल्टीमीटरचा बझर लावून फ्लोट वर-खाली करून पाहावा. उलट वागला तर दांडीची क्लिप काढून फ्लोट पालथा घालायचा, बस्स.

वायरचे जोड मात्र टाकीत नकोत. रिलेची डबी आम्ही घरातच मीटरशेजारी बसवली. गच्चीवर नुसती केबल जाते.