शेवट कळल्यावर उरतं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसा हा प्रश्न घरच्यांनी, दारच्यांनी, ओळखीच्या बहुतेकांनी कधी ना कधी विचारलेला आहे: एवढ्या रहस्यकादंबऱ्या वाचता, पण खुनी कोण ते शेवटी कळतंच ना, मग उरतं काय? त्याला जोडून एक पोटप्रश्नही येतो. खून, संशयित, तपास, उकल, सगळा मामला ठरलेला. मग नव्या कादंबऱ्यांत नवीन ते काय असणार?

पोटप्रश्नाचं आधी बघू, मुख्य उत्तर त्यातूनच निघेल.

जुन्या रहस्यकथेतल्या खुन्याचे दिवस फार सुखाचे होते. टेलिफोनची तार कापली की बंगला जगापासून तुटायचा. दुसऱ्याचं नाव घेऊन महिनोन्महिने वावरता यायचं. त्या रात्री नाटकाला गेलो होतो म्हणून तिकिटाचा तुकडा पुढे केला की इन्स्पेक्टर निमूट वहीत लिहून घ्यायचा. आता खिशातला फोन कोणत्या टॉवरच्या हद्दीत होता ते कळतं, दाराच्या बेलमध्ये कॅमेरा असतो, कार्डाने पैसे दिले की वेळेची नोंद राहते. ॲलेक जेफ्रीज या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1984 मध्ये डीएनएवरून माणूस ओळखायची पद्धत शोधून काढली आणि 1988 मध्ये तिच्या जोरावर इंग्लंडात पहिल्यांदा एका खुन्याला शिक्षा झाली. 2018 मध्ये कॅलिफोर्नियात तर तीसहून अधिक वर्षं पोलिसांना गुंगारा देणारा गुन्हेगार सापडला तो दूरच्या नातेवाइकांच्या डीएनएमुळे. त्यांनी आपलं कूळ शोधायच्या हौसेने संकेतस्थळावर माहिती टाकली होती. म्हणजे आपण कितीही जपून वागलो तरी चुलत-चुलत भावाची हौस आपल्याला भोवू शकते.

अशा जगात रहस्यकादंबरी लिहायला बसलेल्या माणसाने लपवायचं कुठे? मला नव्या कादंबऱ्यांची गोडी आहे ती याच प्रश्नामुळे. खुनी कोण यापेक्षा लेखकाने त्याला कुठे लपवलं, हे बघायला मी पानं उलटते.

आळशी लेखकाचं उत्तर ठरलेलं असतं. तो फोनची रेंज घालवतो. बर्फ कोसळतं, पूल वाहून जातो, बेटावर टॉवरच नसतो, नाहीतर ऐन मोक्याला बॅटरी उतरते. एखाद्या वेळी चालून जातं, पण नायिकेने फोन वर धरून "नेटवर्क नाही" म्हटलं की पुढची पन्नास पानं मला आयती दिसायला लागतात. दुसरे काही जण सरळ मागच्या काळात निघून जातात. त्यातही नुसती पळवाट काढणारे पुष्कळ, पण सुजाता मॅसी यांच्या 2018 च्या 'द विडोज ऑफ मलबार हिल'सारखं पुस्तक हाती लागतं तेव्हा काळ मागे नेण्याचं सार्थक होतं. 1921 ची मुंबई, एका श्रीमंत मुसलमान घरातल्या तीन पडदानशीन विधवा, आणि त्यांच्या वारसाहक्काचं काम बघणारी परवीन मिस्त्री ही तरुण पारशी वकील. पडद्याआड पुरुष पोलिसाला पाऊल टाकता येत नाही, हिला येतं. इथे लपवायची जागा घराच्या रचनेतच आहे आणि ती उघडायची किल्ली एकाच व्यक्तीकडे. हे पात्र घडवताना लेखिकेसमोर भारतातल्या पहिल्या स्त्री-वकिलांपैकी एक, कॉर्नेलिया सोराबजी, होत्या, त्यामुळे ते हवेतून काढल्यासारखं वाटत नाही.

रिचर्ड ऑस्मन या टीव्ही सूत्रसंचालकाने 2020 मध्ये पहिली कादंबरी काढली तेव्हा मी नाक मुरडलं होतं. प्रसिद्ध चेहऱ्यांच्या पुस्तकांबद्दल माझं मत काही फार चांगलं नाही. 'द थर्सडे मर्डर क्लब'मध्ये निवृत्तांच्या वसाहतीतले चार वृद्ध दर गुरुवारी जुन्या, न सुटलेल्या गुन्ह्यांची कागदपत्रं चाळत बसतात. तिथे लपवायची जागा म्हणजे वय. म्हाताऱ्या माणसाकडे कोणी दुसऱ्यांदा बघत नाही, त्याच्यासमोर काहीही बोलतात, आणि त्याने बावळटपणाचं सोंग घेतलं तर ते खरं मानतात. कोडं म्हणून पुस्तक बेतास बात आहे, पण ही एक गोष्ट लेखकाने नेमकी हेरली आहे.

सगळ्यात मजा येते ती कादंबरीच्या घाटातच लपवलेलं असतं तेव्हा. जॅनिस हॅलेट यांची 'द अपील' ही 2021 ची कादंबरी जवळजवळ सगळी ईमेल आणि निरोपांची आहे. हौशी नाटक मंडळी, त्यातल्या एका कुटुंबातल्या आजारी लहान मुलीच्या उपचारांसाठी चाललेली पैशांची जमवाजमव, आणि हा सगळा पत्रव्यवहार गठ्ठ्याने समोर टाकून "वाचा आणि काय वाटतं ते सांगा" असं वरिष्ठ वकिलाने बजावलेले दोन शिकाऊ वकील. वर्णन करणारा निवेदक नाहीच. मग वाचक करतो काय? कोण कोणाला लांबलचक लिहितं आणि त्याला उत्तर किती ओळींचं येतं, ते बघू लागतो. एकच बातमी दोघांना कळवताना शब्द कसे बदलले, हे तपासतो. ईमेलची वेळ बघतो. मी ते पुस्तक पेन्सिल घेऊन वाचलं आणि तरी हातातून निसटायचं ते निसटलंच.

जपानमध्ये उकेत्सु नावाचा लेखक आहे. पांढरा मुखवटा, काळा पोशाख, बदललेला आवाज; खरं नाव कोणालाच ठाऊक नाही. युट्यूबवर गाजला आणि मग पुस्तकं आली. त्याच्या 'स्ट्रेंज पिक्चर्स'मध्ये पानापानांवर साधी, लहान मुलांनी काढावीत तशी चित्रं आहेत आणि पुरावा त्या चित्रांत आहे. डोळ्यांपुढे छापलेला. 'स्ट्रेंज हाउसेस'मध्ये हेच घराच्या नकाशांच्या बाबतीत. काखेत कळसा नि गावाला वळसा, ही म्हण जणू याच लेखकासाठी झाली असावी. भाषा अगदी कोरडी आहे, पात्रं कागदी आहेत, तरीही मी दोन्ही पुस्तकं एका दमात संपवली.

आता जरा प्रामाणिकपणाबद्दल, कारण लपवणं आणि फसवणं यांत फरक आहे, आणि तो न कळणारे लेखक सध्या उदंड झाले आहेत. रोनाल्ड नॉक्स नावाचे इंग्रज कॅथलिक धर्मगुरू स्वतः रहस्यकथा लिहीत. त्यांनी 1929 मध्ये या खेळाचे दहा नियम घालून दिले. गुप्त खोली किंवा भुयार असलंच तर एकाहून जास्त नको. डिटेक्टिव्हला नुसत्या नशिबाने काही सापडता कामा नये. त्याला दुवा मिळाला की तो वाचकालाही तिथल्या तिथे दिसला पाहिजे. आणि डिटेक्टिव्हच्या मित्राची बुद्धी सामान्य वाचकापेक्षा किंचित, अगदी किंचित कमी असावी. हे सगळं अर्धं थट्टेत होतं, पण गाभा पक्का होता: वाचकाला हरवा, पण पत्ते त्याच्यासमोर वाटा.

ऑस्ट्रेलियाच्या बेंजामिन स्टीव्हन्सन यांनी 2022 मध्ये हे नियम थेट पुस्तकाच्या सुरुवातीला छापले. 'एव्हरीवन इन माय फॅमिली हॅज किल्ड समवन' हे त्या पुस्तकाचं नाव. निवेदक आरंभीच शब्द देतो की मी खोटं बोलणार नाही, आणि वर मृत्यू कोणकोणत्या पानांवर आहेत तेही सांगून मोकळा होतो. तुम्ही त्या पानाशी पोचता, जपून वाचता आणि तरीही गंडता. बर्फातलं हॉटेल, अडकलेलं कुटुंब, वगैरे मी आत्ताच ज्यांना नावं ठेवली ती सगळी सामग्री इथे आहे. तरी हे पुस्तक मला आवडतं, कारण जे आहे ते टेबलावर मांडून हा माणूस खेळतो.

याच्या उलट गेल्या दहा-बारा वर्षांत निघालेला एक प्रकार बघा. 2012 मध्ये 'गॉन गर्ल' गाजली, आणि ते पुस्तक खरोखरच चलाख होतं. मग विसरभोळ्या, दारू पिणाऱ्या, नाहीतर झोपेच्या गोळ्या घेणाऱ्या निवेदिकांची रांगच लागली. नवरा संशयास्पद, शेजारीण त्याहून संशयास्पद, आणि मधूनमधून तिरक्या अक्षरांत खुन्याचं बालपण. यातल्या पुष्कळ पुस्तकांत निवेदिका स्वतःशी बोलत असते, वर्तमानकाळात, आणि स्वतःलाच पूर्ण माहीत असलेली गोष्ट स्वतःपासून लपवते. "त्या रात्री जे झालं त्याचा विचारही मला करायचा नाही." का बाई? तुला माहीत आहे, लेखिकेला माहीत आहे, मग मलाच काय म्हणून अंधारात ठेवलंय? तो विचार तीनशे पानांनंतर करायला तिची हरकत नसते. याला मी लपवणं म्हणत नाही, ही शुद्ध अडवणूक झाली.

न उकललेल्या रहस्याला मात्र माझी ना नाही. 2007 ची एक नावाजलेली आयरिश कादंबरी दोन गूढं मांडते आणि एकच सोडवते. पुष्कळ वाचक तिच्यावर अजून दात खाऊन आहेत. मी नाही. तिथे लेखिका काही दडवत नव्हती. ज्याच्या डोक्यात ते उत्तर होतं त्यालाच ते आठवत नव्हतं. नाव सांगत नाही, तुम्ही वाचाल तेव्हा माझ्या नावाने खडे फोडाल.

आता मुख्य प्रश्न. शेवट कळल्यावर काय उरतं?

केइगो हिगाशिनो यांची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' ही कादंबरी जपानीत 2005 मध्ये आली, तिला तिथला मानाचा नाओकी पुरस्कार मिळाला, आणि 2011 मध्ये ती इंग्रजीत आली. हिच्यात खुनी कोण हे शेवटी कळत नाही, सुरुवातीलाच कळतं. घटस्फोटित यासुको आणि तिची मुलगी, त्रास द्यायला घरात शिरलेला पूर्वीचा नवरा, झटापट, खून. भिंतीपलीकडे राहणारा शेजारी इशिगामी शाळेत गणित शिकवतो. तो दार वाजवतो आणि मदत देऊ करतो. इतकं सगळं उघड्यावर. मग पोलीस येतात, त्या रात्री कुठे होता विचारतात, माय-लेकी सिनेमाची तिकिटं दाखवतात, आणि आपण श्वास रोखून बघत राहतो की हे बिंग कधी फुटणार. दुसरीकडे इशिगामीचा कॉलेजातला मित्र, भौतिकशास्त्रज्ञ युकावा, हळूहळू जवळ सरकत असतो.

पुस्तकात एका ठिकाणी इशिगामीच्या प्रश्नपत्रिकांची गोष्ट निघते. मुलांची गृहीतकं पकडायला तो असं गणित घालतो, की ते दिसतं भूमितीचं आणि असतं बीजगणिताचं. ज्याने पाहिल्या पाहिल्या आकृती काढायला घेतली, तो गेला. वाचताना हे वाक्य शिक्षकाच्या गप्पा म्हणून निघून जातं. आपण मान डोलावतो, हुशार माणूस आहे म्हणतो, पान उलटतो. आणि पानं उलटता उलटता आपण आकृतीच काढत बसलेलो असतो. लेखकाने स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं की तुम्ही गणित चुकीचं वाचताय. कुजबुजून नाही, तिरक्या अक्षरांत नाही, पात्राच्या तोंडून, भर गप्पांत.

यापुढचं सांगत नाही. पण शेवट कळल्यावर मी ते पुस्तक परत उघडलं, तेव्हा ते दुसरंच पुस्तक झालं होतं. पोलिसांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न, तारखेचा प्रत्येक उल्लेख, इशिगामीचं रोज ठरलेल्या रस्त्याने शाळेत जाणं, सगळं जागच्या जागी होतं, एक अक्षर हललं नव्हतं, आणि अर्थ मात्र उलटा. पहिल्या वाचनात मी यासुकोच्या भीतीने वाचत होते. दुसऱ्या वाचनात इशिगामीकडे बघवेना. रहस्य संपलेलं होतं आणि पुस्तक जास्त जड झालं होतं. चांगल्या रहस्यकादंबरीची खरी गंमत मला या दुसऱ्या फेरीत मिळते. पहिल्या फेरीत आपण लेखकाचे गिऱ्हाईक असतो. दुसऱ्यात त्याच्या खांद्यावरून डोकावत असतो: इथे त्याने विशेषण गाळलं, इथे संवाद मध्येच तोडला, इथे विनोद केला म्हणजे आपण हसावं आणि वाक्य निसटावं. दुसऱ्यांदा वाचवत नसेल तर ते पुस्तक पहिल्यांदाही नुसत्या वेगावर चाललेलं होतं, असं मी खुशाल समजते.

खून वाचून करमणूक कशी होते, हेही मला विचारतात, आणि तो प्रश्न मी टाळत नाही. खऱ्या गुन्ह्यांवरची पुस्तकं आणि पॉडकास्ट मला झेपत नाहीत. तिथे मेलेल्या माणसाची आई कुठेतरी जिवंत असते. कादंबरीतलं प्रेत कागदी असतं, आणि तरीही ज्या पुस्तकांत त्या प्रेताला नाव, सवयी, कोणीतरी वाट बघणारं माणूस असतं, तीच माझ्या कपाटात टिकतात. जेन हार्पर यांची 'द ड्राय' ही 2016 ची कादंबरी त्यासाठीच वाचा. ऑस्ट्रेलियातला दुष्काळ, आटलेली नदी, एक जवळजवळ अख्खं कुटुंब संपलेलं, आणि तपास करणारा माणूस एरवी आर्थिक गुन्ह्यांचे कागद तपासणारा. खून कोणी केला यापेक्षा पाऊस न पडल्याने माणसं एकमेकांशी कशी वागायला लागली, हे लक्षात राहतं.

सुरुवात कुठून करू, असं कोणी विचारलं तर मी हिगाशिनो हातात देते. सवय नसेल तर आधी ऑस्मन, पेन्सिल घेऊन बसायची तयारी असेल तर हॅलेट. मागच्या कव्हरवरचा मजकूर वाचू नका, "शेवटी जबर धक्का" असं छापलेलं असेल तर मुळीच नाही. धक्का आहे हे कळलं की वाचक धक्काच शोधत बसतो. आणि वाचून झाल्यावर खुनी बरोबर ओळखला असेल तर आनंद आहे, पण मला ते कळवू नका. शंकेची पाल कुठल्या पानावर चुकचुकली, ते कळवा.