तुम्ही विचारलंत म्हणून: ॲमस्टरडॅमला दोन दिवस पुरतात का?

‘आम्ही चौघी शनिवार-रविवार ॲमस्टरडॅमला जातोय. दोन दिवस पुरतील का? आणि काय काय बघायचं?’ नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला राहायला आल्यापासून हा प्रश्न मला सतत येतो. कधी म्युनिकहून, कधी लंडनहून, कधी पुण्याहून युरोपला निघालेल्या वहिनींच्या ग्रुपकडून. प्रत्येकीला फोनवर अर्धंमुर्धं सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

दोन दिवस पुरतात. फक्त यादी निम्मी करा. माझ्याकडे येणाऱ्या याद्यांत राइक्सम्युझियम असतं, व्हॅन गॉग असतो, ॲन फ्रँकचं घर, पवनचक्क्या, ट्युलिपच्या बागा आणि वर खीटहोर्न हे कालव्यांचं खेडं. ट्युलिपची कोइकेनहॉफ बाग मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते. खीटहोर्नला जायलाच दोनेक तास लागतात. एवढं सगळं दोन दिवसांत कोंबलं, की मैत्रिणींबरोबर गेल्याचं सुख स्टेशनांवर आणि रांगांत संपतं. मी सगळ्यांना एकच सांगते: एक म्युझियम, एक होडी, बाकी पायी. आणि त्या दोन दिवसांत पाण्याकडे नीट बघा. फोटोच्या मागे दिसणारं पाणी म्हणून बघू नका. हे शहर उभं आहे ते त्या पाण्याच्या पातळीवर.

राहायचं म्हणाल, तर मी हार्लेम सुचवते. ट्रेनने पंधरा-वीस मिनिटं, गाव देखणं, कालवे तिथेही आहेत. ॲमस्टरडॅममध्ये राहण्याच्या बिलावर २०२४ पासून साडेबारा टक्के पर्यटक कर लागतो, तो खिशाला जाणवतो. ट्राम, बस, ट्रेन सगळीकडे बँकेचं कार्ड टेकवून चालतं, वेगळा पास काढायची घाई नको. लालसर डांबराची पट्टी सायकलींची असते. तिच्यावर उभं राहून फोटो काढू नका, कृपा करून.

शनिवारी सकाळी राजवाड्यापासून सुरुवात करा. डाम चौकातली ही इमारत आधी नगरभवन होती. तिचं बांधकाम १६४८ मध्ये सुरू झालं. खालची जमीन इतकी भुसभुशीत, की तिच्यासाठी १३,६५९ लाकडी खांब जमिनीत ठोकले. इथली पोरं हा आकडा वर्षाच्या दिवसांवरून पाठ करतात: ३६५, पुढे १, मागे ९. जुनं शहर सगळं असंच उभं आहे. वरची माती आणि चिखल ओलांडून बारा-एक मीटर खाली वाळूचा घट्ट थर लागतो, तिथपर्यंत खांब गेलेत.

लाकूड पाण्यात कुजेल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात पूर्ण पाण्याखाली असलेलं लाकूड शतकानुशतकं टिकतं, कारण तिथे बुरशीला हवा मिळत नाही. पाणी उतरलं, खांबांची डोकी उघडी पडली, की कुज लागते आणि घर कलतं. म्हणून कालव्यांची पातळी कायम एकाच ठिकाणी धरून ठेवलेली असते, शून्यापेक्षा ४० सेंटिमीटर खाली. हा शून्य कुठला, ते डोळ्यांनी बघता येतं, आणि तो बघायला मी प्रत्येक पाहुण्याला घेऊन जाते.

वॉटरलूप्लेन चौकात नगरपालिका आणि ऑपेरा यांची एकच मोठी इमारत आहे. तिच्या आतल्या बोळात पाण्याने भरलेले काचेचे तीन उंच नळ आहेत. दोन नळांत एमाउडन आणि फ्लिसिंगन इथल्या समुद्राची त्या घडीची पातळी दिसते, भरती-ओहोटीबरोबर वरखाली होणारी. तिसऱ्यातलं पाणी हलत नाही. ते आपल्या डोक्याच्या खूप वर, साडेचार मीटरच्याही पुढे उभं असतं. फेब्रुवारी १९५३ च्या महापुरात झीलंड प्रांतात पाणी तिथवर चढलं होतं आणि देशात १,८३६ माणसं गेली. तिथून जिना उतरून खाली गेलं, की एका खांबावर पितळी दिसणारा ब्राँझचा बोल्ट आहे. त्याचा माथा म्हणजे शून्य. नेदरलँड्समधली प्रत्येक उंची त्याच्यापासून मोजतात, आणि युरोपातली उंची मोजायची पद्धतही याच शून्याला बांधलेली आहे. माझ्या मैत्रिणीने, ती सोलापूरची, धरणाच्या बातम्या ऐकत वाढलेली, त्या बोल्टवर तळहात ठेवला आणि म्हणाली, ‘म्हणजे एवढ्यावर सगळा हिशोब!’ हो, एवढ्यावरच. तिथे तिकीट नाही, गर्दीही नसते. इमारतीच्या वेळा मात्र आधी बघून घ्या.

दुपारी होडी. काचेच्या छताच्या मोठ्या बोटीत सगळे पर्यटक बसतात, तीही वाईट नाही. पण तुम्ही चार-सहा जणी असाल, तर विजेवर चालणारी छोटी होडी भाड्याने घ्या. लायसन्स लागत नाही. भाडं वाटून घेतलं की परवडतं. नियम सोपे: उजव्या बाजूने चला, मोठ्या बोटींना वाट द्या, वेग ताशी सहा किलोमीटरच्या आत. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते. पहिली दहा मिनिटं सगळ्या एकदम ओरडतात, मग कुणीतरी एक शांत डोक्याची निघते आणि ती दिवसभराची कॅप्टन होते. खाली बसून बघितलं, की रस्त्यावरून न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात: पुलाच्या कमानीचं ओलसर पोट, काठाच्या विटांतून उगवलेलं नेचं, खिडकीत मांजर असलेल्या घरबोटी. हेरेनग्राख्त कालव्यावरून रेखुलिर्सग्राख्त कालव्याच्या तोंडाशी आलात की थांबा. तिथे एकामागे एक सात पुलांच्या कमानी एका रांगेत दिसतात.

होडीतून काठाच्या भिंतींनाही बघा. कुठे लोखंडी पत्रे ठोकून आधार दिलेला दिसेल. गाड्या-ट्रकांचं वजन पेलायला या भिंती बांधलेल्याच नव्हत्या. सप्टेंबर २०२० मध्ये ग्रिमबुर्गवालला काठाचा एक तुकडा कालव्यात कोसळला. आता सुमारे २०० किलोमीटर काठ आणि ८५० पूल तपासून दुरुस्त करण्याचं काम हाती घेतलंय, ते वर्षानुवर्षं चालणार. ज्या पट्ट्यात काम चालू असेल तिथे फोटो बिघडला म्हणून लोक हळहळतात. मला ते काम बघायला मनापासून आवडतं. चारशे वर्षं हे शहर असंच राहिलंय, कुणीतरी रोज त्याची डागडुजी केल्यामुळे.

संध्याकाळी पायी. हेरेनग्राख्त, काइझर्सग्राख्त, प्रिन्सेनग्राख्त हे तीन कालवे १६१३ पासून खोदायला घेतले. २०१० मध्ये हा सगळा पट्टा जागतिक वारसा ठरला. कालव्याच्या कडेने लांबवर चालण्यापेक्षा तिन्ही आडवे ओलांडा, छोट्या गल्ल्यांतून. घराच्या माथ्यावर बाहेर आलेली तुळई आणि तिला लावलेला हुक शोधा. आतले जिने इतके अरुंद, की सोफा-कपाट अजूनही दोराने खिडकीतून आत घेतात. मुद्दाम पुढे झुकवून बांधलेल्या भिंतीमुळे सामान घासत नाही.

या श्रीमंतीचा एक धागा आपल्याकडेही येतो. डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ ची. तिच्या वखारी आपल्या किनाऱ्यावरही होत्या; वेंगुर्ल्याच्या डच वखारीचे पडके अवशेष आजही उभे आहेत. माझी कुडाळची मैत्रीण हेरेनग्राख्तवरचे वाडे बघताना तेच बोलत होती, लहानपणी वखारीच्या झाडोऱ्यात खेळल्याचं. मसाला आणि गुलामांचा व्यापार यातून आलेला पैसा या दारांमागे आहे, हे विसरून तिथे फिरू नये असं मला वाटतं. शहराच्या महापौरांनी गुलामगिरीत शहराने घेतलेल्या सहभागाबद्दल १ जुलै २०२१ ला जाहीर माफी मागितली.

रविवारी एक म्युझियम. माझं मत ॲन फ्रँकच्या घराला. पुस्तकांच्या कपाटामागचा तो उभा जिना चढून वर गेलं, की खोल्या रिकाम्या आहेत. तिचे वडील ऑटो फ्रँक यांची तशीच इच्छा होती. जुलै १९४२ ते ऑगस्ट १९४४, नाझींपासून लपून राहिलेली आठ ज्यू माणसं, दिवसा पावलाचाही आवाज न करता. बाहेर आल्यावर लगेच पुढचा कार्यक्रम ठेवू नका. तासभर नुसतं प्रिन्सेनग्राख्तच्या काठी बसा, बोलावंसं वाटलं तर बोला. चित्रांचीच ओढ असेल तर राइक्स निवडा, पण मग तेच एक.

जेवायला सुरिनामी रोटीच्या दुकानात जा. डे पाइप भागात अशी दुकानं आहेत. १८७३ साली कलकत्त्याहून लल्ला रूख हे जहाज बिहार-उत्तर प्रदेशातल्या मजुरांना घेऊन सुरिनाम या दक्षिण अमेरिकेतल्या डच वसाहतीत गेलं, मागून आणखी कितीतरी. १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र होण्याच्या सुमारास त्यांची नातवंडं-पतवंडं मोठ्या संख्येने इकडे आली. पिवळ्या डाळीचं सारण भरलेली मऊ रोटी, बटाटा, चवळीच्या लांब शेंगा, अंडं, कोंबडी, बाजूला जाळ मिरचीची चटणी. शाकाहारी असाल तर लाल भोपळ्याची भाजी मिळते. हातानेच खायचं. मी जाते तिथल्या मावशींशी आमची हिंदी आणि त्यांची सरनामी यांची गाडी मस्त जुळते, आणि त्या प्रत्येक वेळी जास्तीची रोटी वाढतात. आल्बर्ट काउपचा बाजार जवळच आहे, पण तो रविवारी बंद असतो. गरम स्ट्रोपवाफल (दोन पातळ वाफलमध्ये पाक भरलेली) खायची असेल तर शनिवारीच जाऊन या.

परतीची गाडी संध्याकाळची काढा. सेंट्रल स्टेशनच्या मागून पाण्यापलीकडच्या नोर्ड भागात फेरीबोट जाते, फुकट, सायकलवाल्यांनी गच्च भरलेली. वेळ उरला तर एक खेप करून या.

आणि येणार कधी ते मला सहा-सात आठवडे आधी कळवा. ॲन फ्रँकच्या घराची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात, दर मंगळवारी सकाळी दहाला, सहा आठवड्यांनंतरच्या तारखांची. मी इथून रांगेत लॉगिन करून काढून ठेवते.